इंदूरहून झाबुआला: पहिल्या मिशन-दौऱ्याची तयारी आणि प्रार्थना

मंडळीच्या टीमबरोबर पहिल्यांदाच झाबुआ-अलीराजपूरकडे निघालेल्या इंदूरच्या मराठी भावाबहिणींसाठी हे लिहिते आहे. बेत साधारण असा असतो: आठ-दहा जण, चार-पाच दिवसांचा मुक्काम, तिथल्या मंडळीच्या आवारात मुलांची बायबल शाळा, संडेस्कूलच्या शिक्षकांचं थोडं प्रशिक्षण, छपराची नाहीतर कुंपणाची डागडुजी, आणि डॉक्टर मिळाले तर एक तपासणी शिबिर. नव्या माणसांचे दोन प्रकार पहिल्याच मीटिंगला कळतात. एकाला सगळं एक्सेल शीटमध्ये हवं असतं आणि प्रार्थनेची वेळ आली की तो घड्याळ बघतो. दुसरा म्हणतो, "प्रभू बघून घेईल," आणि गाडीच्या कागदांचं विचारलं की नाराज होतो. मला विचाराल तर पहिला जरा बरा, कारण त्याला प्रार्थना शिकवता येते. दुसऱ्याला वाटतं, आपल्याला ती येतेच.

दोन-तीन महिने आधी: वही काढा

जुन्या करारातल्या नहेम्याचे (परक्या राजाच्या दरबारात चाकरी करणारा यहूदी) पहिले दोन अध्याय टीमने एकत्र बसून वाचावेत, हातात वही-पेन घेऊन. यरुशलेमेच्या पडलेल्या तटाची बातमी त्याला किसलेव महिन्यात कळते आणि राजापुढे तो तोंड उघडतो नीसान महिन्यात. मधले चारेक महिने उपास, रडणं आणि प्रार्थना. पण राजा "तुझी मागणी काय?" म्हणून विचारतो तेव्हा नहेम्या गडबडत नाही. किती दिवस लागतील ते सांगतो, नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांच्या नावे पत्रं मागतो, आणि राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याला लाकडासाठी चिठ्ठीही मागतो. उत्तर देण्याआधी त्याने मनातल्या मनात देवाची प्रार्थना केली, त्या क्षणभराच्या प्रार्थनेवर आपण पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. लाकडाच्या चिठ्ठीवर मी अजून एकही ऐकलं नाही.

वहीचं काम असं. डाव्या पानावर आपल्या हातातल्या गोष्टी लिहायच्या: गाडीचा विमा, आईवडिलांचा होकार, तिथल्या पाळकांचं पत्र, मुलांच्या धड्याचं साहित्य. उजव्या पानावर हाताबाहेरच्या: पाऊस, कुणाची तब्येत, गावातलं वातावरण, लोकांची मनं. प्रार्थना दोन्ही पानांवरची करायची, पण वेगवेगळी. डाव्या पानासाठी मागायचं ते शहाणपण आणि नेट, आणि उठून ते काम करून टाकायचं. विमा संपलाय का हे प्रार्थनेत विचारू नका, कागद उघडून बघा. उजव्या पानासाठी मात्र मागत राहायचं आणि ती चिंता तिथेच सोडायची. पावसाचा अंदाज दिवसातून दहा वेळा मोबाइलवर बघणं ही काही तयारी नाही. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल चिंता करू नका म्हणतो, पण त्याच दमात आभार मानून मागण्या देवाला कळवायलाही सांगतो. मागण्या कळवायच्या तर आधी त्या काय आहेत हे आपल्याला ठाऊक हवं. वही त्यासाठी.

दर आठवड्याला टीमने वही उघडावी. काही ओळी उजवीकडून डावीकडे सरकतात, म्हणजे हाताबाहेरची वाटलेली गोष्ट प्रत्यक्षात एका फोनने होणारी निघते. तसं झालं की फोन करा.

बोलावणं कुणाचं आहे?

झाबुआ-अलीराजपूरला सुवार्ता आपण नेत नाही, ती तिथे आपल्या आधीपासून आहे. कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन १८७७ मध्ये इंदूर-महू भागात आलं. १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज उभं राहिलं. त्याच मिशनचे डॉक्टर जॉन ब्युकॅनन अलीराजपूरच्या डोंगरात आमखुटला भिल्लांमध्ये जाऊन राहिले. कॅथलिकांचा झाबुआ धर्मप्रांत २००२ पासून स्वतंत्र आहे. आजोबा-पणजोबांपासून ख्रिस्ती असलेली भिल्ल घरं तिथे आहेत, आणि इंदूरहून आलेला बावीस वर्षांचा मुलगा त्यांना विश्वास म्हणजे काय ते शिकवू लागला की ती माणसं सभ्यपणे ऐकून घेतात. सभ्यपणा म्हणजे होकार असं समजू नका.

म्हणून पहिला नियम: तिथल्या मंडळीने बोलावल्याशिवाय जायचं नाही. बोलावणं लेखी असावं, आणि त्यात त्यांना काय हवंय ते त्यांच्या शब्दांत असावं. आपण गिटार आणि नाटुकली घेऊन निघतो, त्यांना हवा असतो संडेस्कूलच्या बायकांना धडा कसा घ्यायचा ते दाखवणारा एक माणूस. प्रेषितांच्या कृत्यांत तेराव्या अध्यायात अंत्युखियाची मंडळी उपास-प्रार्थना करते आणि मग बर्णबा व शौल यांच्यावर हात ठेवून त्यांना पाठवते. ते दोघे स्वतःहून उठून गेले नाहीत. "मला पाचारण झालंय" असं कुणी म्हणालं, तर आपल्या पाळकांनी आणि घरच्यांनीही ते तपासून बघू द्यावं. खऱ्या पाचारणाला दोन आठवडे थांबण्याने काही होत नाही.

तारखा ठरवताना आपल्या सुट्ट्यांचं कॅलेंडर बाजूला ठेवा. या भागातली पुष्कळ कुटुंबं खरिपाचं पीक घरात आलं की मजुरीसाठी गुजरातेत जातात आणि होळीच्या सुमाराला परततात. होळीच्या आधीचा आठवडा भगोरियाच्या हाटांचा, म्हणजे भिल्लांच्या जत्रेसारख्या बाजारांचा; त्या दिवसांत कुणी तुमच्या सभेला बसणार नाही, आणि बसावं अशी अपेक्षाही करू नये. एप्रिल-मे लग्नांचा, शिवाय उन्हाचा. जूनच्या उत्तरार्धात पाऊस लागला की पेरणी आणि चिखल. उरतात ते ऑक्टोबरचे काही दिवस, नाहीतर थंडीतली बायबल शाळा, जेव्हा आजी-आजोबांपाशी ठेवलेली मुलं गावात असतात पण आईबाप नसतात. हे सगळं तिथल्या पाळकांना तोंडपाठ असतं. त्यांना विचारलं की पाच मिनिटांत तारीख ठरते.

कायदा समजून घ्या, घाबरू नका

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नव्या मुलांना या बाबतीत एकतर काहीच माहीत नसतं किंवा व्हॉट्सॲपवरचं अर्धवट माहीत असतं.

संविधानाचं कलम २५ प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात, आणि हा खटला आपल्याच मध्य प्रदेशातून गेलेला, प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असं सांगितलं. मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्मांतराविषयी कायदा होता. त्याच्या जागी २०२१ चा धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम आला. फसवणूक, आमिष, धमकी, दबाव यांतून धर्मांतर करणं किंवा तसा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. संबंधित व्यक्ती स्त्री, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर शिक्षा दोन ते दहा वर्षं आणि किमान ५० हजार रुपये दंड. २०११ च्या जनगणनेनुसार झाबुआ जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण सुमारे ८७ टक्के आहे, हे लक्षात घेतलं की हे कलम आपल्यासाठी किती जवळचं आहे ते कळतं. आपणहून धर्म बदलू इच्छिणाऱ्याने आणि तो विधी करणाऱ्यानेही जिल्हा दंडाधिकाऱ्यांना ६० दिवस आधी कळवायचं असतं.

यातली "आमिष" ही व्याख्या फार रुंद आहे. भेटवस्तू, रोख रक्कम, नोकरी, नावाजलेल्या शाळेत शिक्षण, बरं राहणीमान, सगळं तिच्यात येतं. त्यामुळे टीमसाठी काही गोष्टी ठरलेल्या असाव्यात, आणि त्या गाडीत बसण्याआधी प्रत्येकाने वाचून सही केलेल्या असाव्यात:

- कपडे, ब्लँकेट, वह्या, खाऊ यांपैकी काहीही सभेत किंवा सभेला जोडून वाटायचं नाही. मंडळीला काही द्यायचं असेल तर ते तिथल्या वडीलमंडळींच्या हाती, पावतीसकट.
- तपासणी शिबिर वेगळ्या दिवशी, नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सगळ्यांसाठी खुलं. तिथे पत्रकं नाहीत, गाणी नाहीत, प्रवचन नाही.
- बायबल शाळेला मंडळीतल्या घरांचीच मुलं, पालकांच्या लेखी होकाराने.
- बाप्तिस्मा हा विषय पूर्णपणे तिथल्या मंडळीचा. टीममधल्या कुणीही त्यात पडायचं नाही.
- बरं होण्याची हमी कुणालाही द्यायची नाही, आणि "आता गोळ्या बंद करा" असं चुकूनही म्हणायचं नाही.

शेवटचा नियम कायद्यासाठी नाही, तो माणसासाठी आहे. कुणी आपणहून "माझ्यासाठी प्रार्थना करा" म्हणालं तर जरूर करा: थोडक्यात, हळू आवाजात, घरच्यांसमोर. आणि मग विचारा, दवाखान्यात कोण नेणार आहे? याकोबाच्या पत्रातला तो माणूस आठवा. उघड्या-उपाशी भावाला "सुखाने जा, ऊब घ्या" म्हणून तो वाटेला लावतो.

परदेशातून कुणी पाहुणे येणार असतील तर आणखी एक गोष्ट. टूरिस्ट व्हिसावर धर्मप्रचाराचं काम करता येत नाही. नातेवाईक म्हणून घरी चार दिवस राहावं, सराफ्यात फिरावं. टीमबरोबर मात्र नेऊ नये. त्यांनी देणगी देऊ केली तर ती परकीय योगदानाच्या कायद्यात येते. मंडळीच्या खजिनदारांना विचारल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका.

मंडळीत एखादे वकील असतातच. त्यांना एका मीटिंगला बोलवा, वरचं सगळं त्यांच्याकडून तपासून घ्या.

ठाण्यात कळवायचं का? एज्रा आणि नहेम्या

या प्रश्नावर टीममध्ये दर वेळी वाद होतो. एक म्हणतो, कळवलं की उगाच लक्ष वेधलं जातं. दुसरा म्हणतो, न कळवलं तर लपवल्यासारखं दिसतं. मग कुणीतरी म्हणतं, देवावर भरवसा आहे तर पोलिसांना कशाला सांगायचं?

पवित्र शास्त्रात याची दोन उदाहरणं आहेत. दोघेही बाबेलच्या बाजूने यरुशलेमेकडे निघालेले, दोघेही अर्तहशश्त राजाच्या परवानगीने. एज्राने राजाला आधीच सांगून ठेवलेलं असतं की आमचा देव आमचं रक्षण करतो, त्यामुळे आता शिपाई मागायची त्याला लाज वाटते. तो अहवा नदीपाशी उपास पुकारतो आणि शिपायांविना निघतो. नहेम्याबरोबर राजाचे सरदार आणि घोडेस्वार होते, आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. शास्त्र यातल्या एकालाही नावं ठेवत नाही. पुढे तट बांधताना शत्रू चाल करून येणार असं कळतं तेव्हा नहेम्याची माणसं प्रार्थना करतात आणि पहाराही बसवतात. एकाच वचनात दोन्ही आहे, चौथ्या अध्यायात नववं.

माझं मत म्हणाल तर हा निर्णय आपला नाहीच. आपण चार दिवसांनी गाडीत बसून इंदुरात विजयनगरला घरी येणार, ते पाळक तिथेच राहणार. ठाणेदार कोण आहे, सरपंच आणि तडवी (भिल्लांचा गावप्रमुख) काय म्हणतील, गावात सध्या कशावरून ताण आहे, हे त्यांना माहीत. ते म्हणतील तसं करायचं. ते म्हणाले "या वेळी नका येऊ" तर जायचं नाही, आणि त्यावर "पण आम्ही प्रार्थना केली आहे" असं उत्तर द्यायचं नाही. त्यांनीही केलेली असते.

निषेधाज्ञा लागू असेल (पूर्वीचं कलम १४४, आता नागरिक सुरक्षा संहितेतलं १६३) किंवा निवडणुकीची आचारसंहिता चालू असेल तर सभेचे नियम बदलतात. आठवडाभर आधी विचारून घ्या. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हे तर कुठेही.

पैसे

एज्राच्याच आठव्या अध्यायात प्रार्थना संपल्या संपल्या तराजू निघतो. सोनं, रुपं, पात्रं, सगळं वजन करून बारा याजकांच्या हाती दिलं जातं, आणि यरुशलेमेला पोचल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा तोलून, मोजून, लिहून घेतलं जातं. याजकांवर अविश्वास होता म्हणून हे केलं असं कुणी म्हणत नाही.

ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं (१८०५–१८९८) नाव आपल्याकडे विश्वासाने पैसे येण्याच्या साक्षींत नेहमी निघतं. हजारो अनाथ मुलं सांभाळली, आणि गरज माणसांपुढे न मांडता फक्त देवापुढे मांडली. हे खरं आहे. पण म्युलर आलेल्या पै-पैची नोंद ठेवत आणि दरवर्षी अहवाल छापत, ही बाजू साक्षीत येत नाही.

तर: दोन माणसं, एक वही, रोख दोघांनी मोजायची. डिझेल, जेवण, साहित्य यांच्या पावत्या एका पाकिटात. टीमचे पैसे कुणाच्या खाजगी यूपीआयवर गोळा करू नका, मंडळीच्या खात्यातच येऊ द्या. जेवणाखाण्याचा खर्च तिथल्या मंडळीवर पडू देऊ नका. ते नको नको म्हणतील, तरी आधीच वडीलमंडळींना विचारून ठरवून टाका. ज्यांना वर्गणी परवडत नाही त्यांची नावं फक्त खजिनदारांना माहीत असावीत.

मागे राहणारे

दौऱ्याचं अर्धं काम इंदुरात बसून होतं, आणि ते करणारी माणसं फोटोत नसतात. प्रत्येक जाणाऱ्यामागे दोन तरी प्रार्थना-साथी हवेत. तरुणांना आपल्या मित्रांची नावं सुचतात. मी म्हणेन, स्त्री-मंडळातल्या त्या आज्या शोधा ज्यांना रात्री नीट झोप लागत नाही. त्यांच्याकडे वेळ असतो, आणि मागितलेलं त्या विसरत नाहीत. परत आलात की "त्या ड्रायव्हरच्या मुलीचा ताप उतरला का रे?" असं त्याच विचारतील.

त्यांना नेमकं द्या. "टीमला आशीर्वाद दे" ही प्रार्थना वाईट नाही, पण पाच रात्री तीच करून माणूस पेंगतो. रोजची एक चिठ्ठी करा: मंगळवारी सकाळी शिक्षकांचा वर्ग आहे, शिकवणारी घाबरलेली आहे, दुपारी छपरावर पत्रे चढवायचे आहेत, कुणी पडू नये. रात्री नऊची वेळ ठरवा, दोन्हीकडे एकाच वेळी. उपास करणाऱ्यांनी आपल्या तब्येतीने करावा. मधुमेहाची औषधं चालू असलेल्यांनी जेवणाऐवजी टीव्ही सोडला तरी चालेल.

आता एक कडक सूचना. गावातल्या माणसांची नावं, आजार, घरची भांडणं, कुणाचा विश्वासाकडे ओढा आहे वगैरे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही. प्रार्थना-विनंतीच्या नावाखाली आपण पुष्कळदा चहाड्या करतो, हे एक. दुसरं म्हणजे तो मेसेज कुठे फिरेल याचा भरवसा नाही, आणि त्याचा ताप त्या माणसाला होतो, आपल्याला नाही. "एका बहिणीच्या ऑपरेशनसाठी" एवढं पुरे. देवाला तिचं नाव माहीत आहे. फोटोंचंही तसंच: मुलांचे चेहरे नाहीत, स्टेटस नाही, गावाचं लोकेशन तर नाहीच.

तीन भाषा

आपण घरी मराठीत प्रार्थना करतो, मंडळीत बहुतेक हिंदीत, आणि तिथे घराघरांत भिली नाहीतर भिलाली. तरुणांना हिंदी येतं, वयस्क बायकांना पुष्कळदा येत नाही. दुभाषी आधी ठरवा आणि निदान एकदा फोनवर सराव करा. एक वाक्य, मग थांबा. म्हणी, कोट्या, इंदुरी "भिया"छाप विनोद घरी ठेवून जा. त्यांचं एक गाणं आधी मागवून पाठ करा; उच्चार चुकले की मुलं हसतात आणि तिथून पुढे सगळं सोपं होतं.

मोठ्याने प्रार्थना करायची वेळ आली आणि शब्द मराठीतच आले तर येऊ द्या. अडखळत हिंदी बोलण्यापेक्षा ते बरं. फक्त लांबवू नका. दुसऱ्याच्या अंगणात उभ्याने केलेली प्रार्थना दोन मिनिटांत आटपावी.

सामान आणि तब्येत

थोडक्यात. पूर्ण अंगभर सुती कपडे, चादर, मच्छरदाणी, टॉर्च, चपला आणि बूट दोन्ही, पाण्याची बाटली, आधारची प्रत, आपली रोजची औषधं दोन दिवस जास्तीची. ओआरएसची पाकिटं टीममिळून. शेव-परमलची पिशवी कुणी ना कुणी घेतंच. महागडं घड्याळ, परफ्यूम आणि प्रत्येकाचा वेगळा स्पीकर नको.

पाणी उकळून प्या. झाबुआच्या बऱ्याच भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि ते उकळण्याने जात नाही. चार दिवसांच्या पाहुण्याला त्याने काही होत नाही, वर्षानुवर्षं तेच पाणी पिणाऱ्यांच्या दातांना आणि हाडांना होतं. शिबिरात दात पिवळे-तपकिरी झालेली मुलं दिसली तर ब्रश करण्यावर भाषण देऊ नका. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आदिवासी भागांत आढळतो. तपासणी आणि उपचार सरकारी दवाखान्यात होतात, १ जुलै २०२३ ला शहडोलहून त्याची राष्ट्रीय मोहीमच सुरू झाली आहे. सांधे दुखतात, वारंवार ताप येतो म्हणणाऱ्या मुलाला वेदनाशामक देऊन घरी पाठवण्यापेक्षा त्या तपासणीची चिठ्ठी द्या. रुग्णवाहिकेचा १०८ नंबर सगळ्यांना पाठ हवा.

मुलांबरोबर काम करताना कुणीही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत नको. नेहमी दोघं. यात कुणाचा अपमान नाही आणि कुणाला सूट नाही, पाळकांनाही नाही.

रस्ता

इंदूर ते झाबुआ साधारण दीडशे किलोमीटर, धारवरून, अहमदाबादच्या रस्त्याने. एकेकटे जाणार असाल तर गंगवाल स्टँडवरून बस. रेल्वेने जायचं तर मेघनगर जवळ पडतं. टीमची गाडी असेल तर टॅक्सी परमिटचीच घ्या. वाटेत माछलिया घाट आहे, तिथे अपघात होतात, म्हणून अंधार पडायच्या आत तो मागे पडला पाहिजे. सकाळी पोहे खाऊन सातला निघा. निघताना प्रार्थना गाडीबाहेर उभं राहून, ड्रायव्हरलाही बरोबर घेऊन; तो कुठल्याही धर्माचा असो, त्याचं नाव घ्यायला विसरू नका. आणि मग त्याला रात्री झोपायला नीट जागा द्या.

पोचल्यावर

नहेम्या यरुशलेमेला पोचल्यावर तीन दिवस गप्प होता. मग रात्री थोडी माणसं घेऊन पडका तट बघून आला, आणि नंतर बोलला. आपल्याकडे चारच दिवस असतात, म्हणून निदान पहिली संध्याकाळ तरी काही करू नका. फिरा, बसा, ऐका. भिल्लांची घरं एकमेकांना चिकटून नसतात, ज्याच्या त्याच्या शेतावर, टेकाडावर, फळियात (वस्तीत) विखुरलेली असतात. एका घरून दुसऱ्या घरी चालत गेल्यावर कळतं की सकाळी सातच्या सभेला येणं म्हणजे काय.

त्या समाजात हलमा नावाची रीत आहे. एखाद्याचं काम अडलं की तो हाक देतो आणि गाव मजुरी न घेता हातभार लावायला येतं. आपण "सेवा" म्हणून जे शिकवायला निघालो आहोत ते त्यांच्याकडे फार जुनं आहे. छपराचं काम असेल तर त्यांच्या हाताखाली काम करा, मुकादम होऊ नका.

जेवायला मक्याची रोटी, उडदाची डाळ, पानांत भाजलेले पानिये असतील. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू आपल्या शिष्यांना सांगतो, पुढे वाढतील ते खा. एखाद्या घरी तुमच्यासाठी कोंबडा कापला असेल तर ती त्या घराची मोठी गोष्ट आहे. दोन घास तरी घ्या. ताडी पुढे आली तर हात जोडून नको म्हणा, त्यावर उपदेश नको. गावात कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), पेंटेकॉस्टल असे गट असतील आणि त्यांचं आपसात पटत नसेल तर कान बंद ठेवा.

रोज रात्री टीमने अर्धा तास बसावं. आधी कोण थकलंय, कोण कुणावर चिडलंय ते बोलून घ्यावं, मग प्रार्थना. उलट केलं की चिडलेला माणूस प्रार्थनेतूनच टोमणे मारतो. नऊ वाजले की इंदुरातल्या आज्याही बसलेल्या असतात.

बेत फिसकटला तर

फिसकटतोच. दुभाषी आजारी पडतो, गावात मयत होते, पाऊस अवेळी येतो, ठाण्यातून निरोप येतो की सभा नको. अशा वेळी दोन प्रकारची घाईची वाक्यं ऐकू येतात: "हा सैतानाचा अडथळा आहे" आणि "देवाची इच्छा नव्हती." दोन्ही जरा थांबवा. कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात पौलाला आशिया नावाच्या रोमन प्रांतात वचन सांगायला आत्मा मनाई करतो, मग बिथुनियात जायलाही, आणि लूक का ते सांगत नाही. ते त्रोवसपर्यंत येतात आणि मासेदोनियाला बोलावणारा दृष्टांत होतो तो तिथे, रात्री. मधल्या वाटेवर पौलाला काही कळलं होतं असं दिसत नाही. तो चालत होता एवढंच.

टीमने अशा दिवशी एवढंच करावं: पाळकांना विचारावं की आता तुम्हाला आमचा काय उपयोग आहे. कधी मयतीच्या घरी पाणी भरायचं असतं. कधी उत्तर येतं की आज घरी बसा. मयतीच्या घरी गेलात तर बोलू नका, बसा.

आणि मागितलेलं मिळालंच नाही, आजारी माणूस गेलाच, तर त्याच्या घरच्यांसमोर स्पष्टीकरण देऊ नका. प्रभू स्वतः लाजराच्या कबरेपाशी रडला होता.

परत आल्यावर

पहिल्या आठवड्यात तीन कामं. पावत्यांसकट हिशेब खजिनदारांकडे. प्रार्थना-साथींना घरी जाऊन भेटणं. वही बरोबर न्या आणि कुठल्या ओळीचं काय झालं ते वाचून दाखवा, "अजून नाही" असं जिथे आहे ते सुद्धा. आणि झाबुआच्या पाळकांना फोन, तुमच्या जाण्याने काही त्रास झाला का हे विचारायला. हा प्रश्न सरळ विचारावा लागतो, ते आपणहून सांगत नाहीत.

साक्षीच्या रविवारी पाच मिनिटंच बोला. "बिचारे", "अज्ञान", "अंधारात" हे शब्द वापरू नका. त्या मंडळीतलं कुणी तो व्हिडिओ बघत असेल असं धरून बोला. आकडे सांगायचे तर किती पत्रे चढवले ते सांगा.

पुढच्या वर्षीची तारीख आपण सुचवू नये. महिना-दोन महिन्यांनी परत फोन करा, शिक्षकांचे वर्ग चालू आहेत का विचारा, धड्याचं काही साहित्य हवं असेल तर गंगवालहून बसने पाठवून द्या. त्यांनी पुन्हा बोलावलं तर नवी वही काढा.